गुडघे म्हणतात नको, डोंगर म्हणतो ये

आपल्याकडे बाई डोंगर चढते ती देवासाठी. नवस फेडायचा असतो, लग्नानंतर जोडीनं जायचं असतं, नाहीतर लेकराचं जावळ काढायचं असतं. सप्तशृंगी, जेजुरी, लेण्याद्री, निमगावचा खंडोबा, सगळीकडे पायऱ्या आहेत आणि आपण त्या चढलोय. पण "मला वर जाऊन नुसतं बघायचंय" असं सांगून घराबाहेर पडलेल्या किती जणी तुमच्या ओळखीत आहेत, मैत्रिणींनो? आमच्या बचत गटात हा प्रश्न निघाला तेव्हा अठरा जणींत एकीचाही हात वर झाला नाही.

आमचं पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातला कोरडा भाग. मस्तानीची समाधी इथं आहे, त्यामुळं बाहेरचे लोक कधीमधी गाड्या घेऊन येतात. बाकी माळरान, ज्वारी-बाजरी आणि पाण्याची वाट बघणं. डोंगर म्हणावा असा डोंगर आमच्याकडे नाही. पण मंचर, नारायणगाव करत जुन्नरला पोचलं की दृश्यच बदलतं. शिवनेरी, लेण्याद्री, हडसर, चावंड, जीवधन, नाणेघाट. आमच्याच जिल्ह्यात, सकाळी निघून रात्री घरी येण्याच्या टप्प्यात, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कातळात खोदलेल्या दगडी पायऱ्या. आमच्या गावातली पोरं पावसाळ्यात मोटारसायकली काढून तिकडं जातात. त्यांच्या आया मात्र चाळीस-चाळीस वर्षं इथं राहून शिवनेरी फक्त फोटोत बघतात.

म्हणून आम्ही ठरवलं की यंदा हळदीकुंकवाला वाण लुटायचं नाही. त्या पैशात थोडी भर घालून एक क्रूझर गाडी करायची आणि जायचं. ठरवणं सोपं होतं, निघणं अवघड. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "काय गं, म्हशीची धार कोण काढायची?" तिनं उत्तर दिलं, "आत्याबाई, तुम्हीपण चला, धार मामंजी काढतील." मामंजींनी खरंच काढली, आणि सासूबाई गाडीत सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. पण सगळ्या घरांत हे असं हसण्यावारी गेलं नाही. एका वहिनींच्या मुलानं सरळ सांगितलं की लोक नावं ठेवतील. वहिनी बावन्न वर्षांच्या, सात वर्षांपूर्वी दादा गेले. तेव्हापासून शेत आणि घर याशिवाय तिसरी जागा त्यांनी पाहिली नव्हती. त्या आल्या कशा, ते पुढं सांगते.

आधी या दगडाविषयी थोडं. मी कला शाखेची, भूगोल बारावीपर्यंतच. पण जुन्नरचे डोंगर बघून ज्यांना प्रश्न पडणार नाही त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. हे डोंगर दुरून बघा, आडव्या थरांचे दिसतात, जणू कुणी पाट एकावर एक रचून ठेवलेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरांवर थर बसत गेले. कठीण थराचे झाले उभे कडे आणि मऊ थर झिजून झाले उतार. म्हणून आपला सह्याद्री मुळातच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. शास्त्रज्ञ या सगळ्या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय, हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. म्हणजे माणसानं पायऱ्या खोदायच्या आधीच या मुलखाचं नाव जिना!

हा काळा दगड आपल्या चांगला ओळखीचा आहे. आपलं जातं, पाटा-वरवंटा, उखळ, सगळं याचंच. पाट्याला टाकी लावायला येणारी बाई आठवते का? तेच काम, तीच छिन्नी-हातोडी, फक्त पाट्याच्या जागी अख्खा डोंगर. आता ओट्यावर जो ठिपक्याठिपक्यांचा ग्रॅनाइट बसवतात तो निराळा. तो लाव्हा बाहेर न येता जमिनीच्या पोटातच सावकाश थंड झालेला असतो, म्हणून त्यात ते चमकदार दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आपल्याकडच्या काळ्या दगडात दाणे दिसत नाहीत, कारण तो वर येऊन भराभर थिजला. ग्रॅनाइटचे डोंगर बघायचे तर दक्षिणेत जावं लागतं, त्याकडे शेवटी येते.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी लेण्याद्रीच सांगेन. जुन्नरपासून चार-पाच किलोमीटर. तीनशेच्या आसपास पायऱ्या, बांधीव आणि रुंद, चढायला अर्धा तास पुष्कळ झाला. अष्टविनायकातला हा एकच गणपती असा की जो डोंगरातल्या लेण्यात बसलाय. लेणी मुळात बौद्ध भिक्खूंची, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यातल्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे. आत गेल्यावर जरा मान वर करून बघा, एवढं मोठं दालन आणि मध्ये एकसुद्धा खांब नाही. गिरिजेनं म्हणजे पार्वतीनं पुत्र व्हावा म्हणून इथं तप केलं अशी कथा आहे. माकडांपासून मात्र सावध. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती तुमची राहिली नाही असं समजा. आमच्या एका काकूंचा केळ्यांचा नैवेद्य तिसाव्या पायरीवरच मारुतीरायाला पोचला.

लेण्याद्री विनासायास झाला तर तासाभराची विश्रांती घेऊन त्याच दिवशी शिवनेरी करता येतो. पण मी सांगेन, करू नका. शिवनेरीला एक अख्खा दिवस द्या.

शिवनेरी जुन्नर गावाला लागूनच. गाडी बरीच वरपर्यंत जाते, तिथून पायऱ्यांची वाट सुरू होते. पायऱ्या चांगल्या आहेत, पण सारख्या नाहीत. एक वीतभर तर दुसरी गुडघ्याएवढी. गडाच्या पायऱ्या मुद्दाम अशा ठेवत, म्हणजे चढून येणाऱ्या शत्रूचा दम मोडतो, असं सांगतात. शत्रूचं माहीत नाही, आमचा मात्र मोडला. वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. महादरवाजा, पीर दरवाजा, हत्ती दरवाजा अशी नावं आहेत. मला वाटतं आपल्यासारख्यांसाठी हे दरवाजे फार सोयीचे आहेत. प्रत्येक दरवाजात सावली, बसायला दगड आणि वारा. सात दरवाजे म्हणजे सात विसावे असं धरून चाललं की गड अंगावर येत नाही.

आम्ही एक नियम केला होता, तो कुणालाही उपयोगी पडेल. जी सगळ्यांत हळू चालते, तिला पुढं ठेवायचं. एरवी काय होतं, दमदार असतात त्या पुढं जातात, वर बसून वाट बघतात. मागच्या धापा टाकत पोचल्या की पुढच्या लगेच उठतात. म्हणजे जिला विसाव्याची गरज जास्त तिलाच तो मिळत नाही, आणि वर "तुझ्यामुळं उशीर झाला" हे ऐकावं लागतं. हळू चालणारी पुढं असली की सगळ्या तिच्या चालीनं चालतात. दोन तरुण सुनांनी यावर थोडी कुरकुर केली, पण आक्कांनी त्यांना गप्प केलं. आक्का म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यांत वडील, अडुसष्ट वर्षांच्या. सगळ्यांत पुढं त्याच होत्या, हातात बाभळीची काठी घेऊन.

पाच दरवाजे ओलांडल्यावर मुख्य वाट सोडून जरा बाजूला गेलं की शिवाईदेवीचं मंदिर लागतं. मागं कड्यात लेणी आहेत. या देवीवरूनच महाराजांचं नाव शिवाजी ठेवलं असं मानतात. आम्ही घरून खण-नारळ नेले होते. एकेक जण ओटी भरत होती. वर सांगितलेल्या वहिनी मात्र बाहेर पायरीवर बसून राहिल्या. कुणी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, हेच तर आहे. सात वर्षांत गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात त्या अशाच कडेला बसल्यात आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. आक्कांनी आपली ओटी भरून झाल्यावर ताट उचललं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. जिजाऊंनी हिच्यापुढंच हात जोडले आसतील ना? शहाजीराजं गेल्यावर त्यांनी काय देवाला जायचं सोडलं व्हतं?" वहिनी बराच वेळ उठल्या नाहीत. मग उठल्या. ओटी भरताना त्यांचा हात थरथरत होता. आमच्यातल्या दोघीतिघींना ते आवडलं नाही, हेही सांगायला हवं. एक जण परत येताना गाडीत म्हणालीच, "देवाचं देवाच्या जागी असावं." त्यावर बरीच बोलाचाली झाली. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. मी ते गाडीत सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. पटलं किती जणींना, ते येत्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला कळेल.

वहिनी घरातून निघाल्या कशा ते सांगायचं राहिलं. त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, "शिवाईला जायचंय." देवाचं नाव घेतल्यावर मुलगा काही बोलू शकला नाही. म्हणजे शेवटी देवाचाच आधार घ्यावा लागला बघा! मला याचा थोडा राग येतो आणि थोडं हसूही येतं.

देवळातून पुन्हा मुख्य वाटेला लागायचं. शेवटचा दरवाजा ओलांडला की माथा. समोर अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार. पुढं शिवकुंज, तिथं जिजाऊ आणि बाळशिवाजी यांचा पुतळा आहे. वाटेत गंगा-जमुना नावाची पाण्याची टाकी लागतात, कातळात खोदलेली. आमच्याकडच्या बायकांनी तिथं सगळ्यांत जास्त वेळ काढला. कोरड्या गावातल्या बायका, त्यांना इतिहासापेक्षा पाणी आधी दिसतं. "एवढ्या वर पाणी टिकतं आणि आपल्या विहिरी संक्रांतीलाच तळ गाठतात" हे किमान चौघींनी म्हटलं. उत्तर साधं आहे. गडावर पडणारा थेंबन्‌थेंब खोदलेल्या टाक्यांत वळवला होता आणि हा काळा कातळ पाणी सहजासहजी झिरपू देत नाही. पण बोलणं तिथून सुरू झालं ते शेततळ्यापर्यंत गेलं.

मग जन्मस्थानाची इमारत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सगळ्यांना पाठ. खालच्या मजल्यावरच्या खोलीत जाताना सगळ्या आपोआप गप्प झाल्या. गरोदर जिजाऊंना शहाजीराजांनी या गडावर सुरक्षित ठेवलं, कारण भोवती सगळी धामधूम चालली होती. दुष्काळही त्याच सुमाराचा, १६३० ते १६३२ चा, फार भयंकर. दिवस भरत आलेली बाई या पायऱ्यांवरून वर कशी आली असेल, हा प्रश्न पुस्तकात कुणी विचारत नाही. आमच्यात तो लगेच निघाला. मेण्यातून आल्या असतील, असं ठरलं. पण मेणा उचलणाऱ्यांचा पाय या उंच पायऱ्यांवर सरकला तर, यावरही चर्चा झाली. बाळंतपण कुणी केलं असेल, पाणी कुठून तापवलं असेल, सुईण जुन्नरची असेल का गडावरची. इतिहासाच्या कुठल्याही वर्गात मी असले प्रश्न ऐकले नव्हते.

आणखी एक गोष्ट तिथं सांगण्यासारखी आहे. ज्या गडावर महाराज जन्मले, तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात कधी आलाच नाही. १६३७ मध्ये तो मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर लुटलं, १६७३ मध्ये शिवनेरी घ्यायचा प्रयत्नही केला, पण तो फसला. गड मराठ्यांकडे आला तो शाहूमहाराजांच्या काळात, १७१६ मध्ये. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "माहेर तुटलं म्हणायचं." मला यावर काही सुचलं नाही. इमारतीसमोर बदामी तलाव आहे आणि पुढं कडेलोटाचं टोक. तिथं कठड्याच्या आतच उभं राहा, फोटोच्या नादी लागू नका.

शिवनेरीला दुसरीही एक वाट आहे, साखळीची. गावाच्या बाजूनं लेण्यांवरून जाते, उभ्या कड्यात अरुंद पायऱ्या खोदलेल्या आणि धरायला साखळी. आम्ही ती खालूनच पाहिली. सवय आणि सोबत जाणकार असल्याशिवाय तिकडं फिरकू नये. गडाच्या कड्यांना मधमाश्यांची पोळीही असतात आणि त्यांनी लोकांवर हल्ले केल्याच्या बातम्या येतात. अत्तर-सेंट लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा आणि दगड मारणं तर नकोच.

आता गुडघ्यांचं. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, हे प्रत्येकीनं ध्यानात ठेवावं. उतरताना शरीराचं सगळं वजन पुढच्या पायावर आदळतं आणि ते पेलायचं काम मांडीच्या स्नायूंचं असतं. आपल्या मांड्या कमजोर, कारण काम दिवसभर असतं पण ते वाकून किंवा उकिडवं बसून. म्हणून जाण्याच्या आधी महिनाभर तयारी करा. घरात एक पायरी असतेच. तिच्यावर उजवा पाय, डावा पाय, खाली, पुन्हा वर. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा. आमच्यातल्या काही जणी सरावाला निमगावच्या खंडोबाला दोनदा जाऊन आल्या, तेवढंच दर्शनही झालं. गडावरून उतरताना तिरकं उतरावं, पाऊल अख्खं टेकवावं आणि काठी खालच्या पायरीवर आधी टेकून मग पाय टाकावा. ज्यांना बी.पी. आहे, छातीत धडधडतं, साखर आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि गोळी चुकवू नये.

आणि रक्त तपासून घ्या. चार पायऱ्यांत दम लागतो तो दर वेळी वयामुळं नसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी धरतात. आम्ही जायच्या आधी सगळ्यांचं तपासलं. अठरापैकी अकरा जणींचं बाराच्या खाली, एकीचं तर साडेसात. तिला वाटायचं की आपण आळशी आहोत. घरातलेही तेच म्हणायचे. तिला आम्ही त्या वेळी नेलं नाही. रडली बिचारी. आता आरोग्य केंद्रातून गोळ्या चालू आहेत, गूळ-शेंगदाणे, हरभरा, पालेभाजी चालू आहे, चहा जेवणापासून लांब ठेवलाय. मागच्या महिन्यात साडेनवापर्यंत आलंय. गड चढायचा म्हणून तिनं गोळ्या घेतल्या. आशाताई आधी वर्षभर सांगत होत्या तेव्हा घेतल्या नव्हत्या.

आता ज्याविषयी कुणी लिहीत नाही ते. बाथरूम. घरातून पहाटे पाचला निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत जागा मिळेल का या काळजीनं पाणीच पीत नाही. मग चढावर चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि दोष डोंगराला. मी ज्या गडांवर गेले त्यातल्या एकाच्या पायथ्याचं बायकांचं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जेवायला गेलेला. दुसऱ्या ठिकाणी दार होतं, पण कडी नव्हती. आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र दिलं, पोच घेतली, दोन स्मरणपत्रंही दिली. कडी अजून बसलेली नाही. एका कडीची किंमत किती असते हो? तोपर्यंत आमचा उपाय असा, एक जुनी साडी सोबत ठेवायची. दोघींनी धरली की आडोसा होतो. पाळी चालू असेल तर कागद आणि पिशवी बरोबर घ्यायची आणि घाण परत खाली आणायची. पाणी मात्र प्यायचंच, दर दरवाजाला चार घोट. साखर-मीठ-लिंबू घातलेलं असेल तर उत्तम.

कपड्यांवरून आमच्यात वाद झाला. सुना म्हणाल्या पंजाबी ड्रेस, आक्का नऊवारीत. आक्कांना कुठंही अडचण आली नाही. सहावारी मात्र पायात येते, तेव्हा ती नको किंवा चांगली खोचून घ्या. चपलांवर तडजोड नको. प्लॅस्टिकची चप्पल आणि उंच टाच दोन्ही घरी. साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. दिवस निवडायचे तर कार्तिकापासून माघापर्यंतचे. पावसाळ्यात डोंगर फार देखणा दिसतो, पण दगडावर शेवाळ धरतं आणि गर्दीही उसळते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची गर्दी असते, त्या दिवशी बघण्यापेक्षा वंदन करायला जावं.

शिवनेरी झाल्यावर पुढं काय? चावंड. जुन्नरहून आपटाळ्याच्या बाजूला. याचं जुनं नाव प्रसन्नगड. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतल्यावर पुन्हा कुणी चढू नये म्हणून इथल्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. मोडक्या पायऱ्यांच्या टप्प्यावर आता धरायला लोखंडी कठडे आहेत, तरी चढ उभाच आहे आणि डोळे फिरणारीनं खाली बघू नये. वर चामुंडामातेचं देऊळ आणि एकमेकींना लागून सात टाकी. त्यांना सप्तमातृका म्हणतात. पाण्याच्या टाक्यांना आयांची नावं देणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत ठाऊक होती. हडसर त्यामानानं सौम्य. तिथला पायऱ्यांचा मार्ग आणि दरवाजे अखंड कातळातून कोरून काढलेत, बांधलेले नाहीत. दगड बाहेरून न आणता आतून काढत काढत जिना उरवायचा, हे काम बघायला तरी हडसरला जावं. त्याचीही दुसरी वाट खुंट्या धरून जायची आहे, ती पोरांसाठी सोडून द्या. जीवधनलासुद्धा इंग्रजांनी पायऱ्या मोडल्या आणि तिथले काही टप्पे खरोखर अवघड आहेत. मी स्वतः तो केलेला नाही, करणारही नाही.

पण त्याच्या शेजारच्या नाणेघाटाला नक्की जा. ज्यांना चढणं शक्यच नाही त्यांनी तर आधी जा, कारण घाटमाथ्यापर्यंत गाडी जाते आणि लेण्यापर्यंत थोड्याच पायऱ्या उतरायच्या असतात. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरला माल आणायची ही दोन हजार वर्षांपूर्वीची वाट, दगडी फरसबंदीची. वर एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असं सांगतात. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा. नवरा गेलेला, मुलं लहान, आणि राज्यकारभार तिच्याकडे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानाची यादी, किती गाई, किती घोडे, किती नाणी, हे सगळं आकड्यांसकट तिनं कोरून ठेवलंय. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या, त्या आता नाहीत, वर कोरलेली नावं उरली. आमच्या गटाच्या हिशोबनीस ताईंनी ती यादी ऐकून विचारलं, "म्हणजे हे जमाखर्चाचं रजिस्टरच की!" अगदी तेच. वहिनी त्या लेखासमोर बराच वेळ उभ्या होत्या. वाचता तर कुणालाच येत नव्हतं.

ग्रॅनाइटच्या डोंगरांचं सांगायचं राहिलं होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यात शिवनेरी आहे हे सगळ्यांना कळलं, गावोगावी पेढेही वाटले. बारापैकी अकरा महाराष्ट्रातले. बारावा तामिळनाडूतला जिंजी, आणि तो ग्रॅनाइटचा. तिथले डोंगर आपल्यासारखे थराथराचे नाहीत. प्रचंड गोल धोंडे एकावर एक ढीग घातल्यासारखे दिसतात आणि त्यांच्यामधून दगडी पायऱ्या राजगिरीच्या माथ्यापर्यंत जातात. १६७७ मध्ये महाराजांनी जिंजी घेतला, आणि रायगड पडल्यावर राजाराममहाराजांनी तिथूनच मोगलांशी झुंज दिली. वेढा चालला तो १६९८ पर्यंत. ताराबाई तिथं होत्या, त्यांचा मुलगा तिथंच जन्मला, १६९६ मध्ये. म्हणजे पुन्हा एक बाळंतपण, पुन्हा गडावर, आणि तेही वेढ्यात.

दुसरा कर्नाटकातला श्रवणबेळगोळ. आमच्या गावात जैन घरं आहेत, त्यातल्या एक काकू जाऊन आल्यात, त्यांच्याकडून ऐकलं. विंध्यगिरी म्हणजे ग्रॅनाइटचा एकसंध गुळगुळीत डोंगर, त्यात खोदलेल्या साडेसहाशेच्या घरातल्या पायऱ्या, आणि त्या अनवाणी चढायच्या. म्हणून लोक उन्हात पाय पोळू नयेत यासाठी मोजे घालतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते. वर गोमटेश्वराची सत्तावन्न फूट उंच मूर्ती, दहाव्या शतकातली, आणि तिच्या पायाशी जुन्या मराठीतला कोरीव लेख. आपण शाळेत शिकलो ती मराठीतली पहिली वाक्यं म्हणून. आता त्याहून जुना लेख रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा असंही अभ्यासक सांगतात, पण गोमटेश्वराच्या पायाशी आपली भाषा आहे याचं अप्रूप काही कमी होत नाही. चीनमध्येही हुआंगशान नावाचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे, तिथं हजारो दगडी पायऱ्या आहेत आणि जगभरातले लोक त्या चढायला जातात. तिथं आपण कशाला जातोय! पण श्रवणबेळगोळ रेल्वेनं आणि बसनं जमण्यासारखं आहे. बचत गटात डोई दरमहा शंभर रुपये वेगळे टाकायचं ठरलंय, दोन वर्षांत होतील.

त्याआधी येत्या मार्गशीर्षात हडसर. गाडी ठरली आहे, काठ्या बारा तयार आहेत. साडेनऊ हिमोग्लोबिनवाली यंदा यायचं म्हणतेय, डॉक्टरांनी अकराची अट घातली आहे. वहिनींनी या वेळी मुलाला काय सांगितलं ते मी विचारलं. हडसरला माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे, तेव्हा कारण तयार होतं. पण त्या म्हणाल्या, "सांगितलं, हडसरला जाणार. तो म्हणाला, कशाला? म्हटलं, बघायला."